१ किलोहर्ट्झने झाकलेली गळती

यूएसबी साउंड इंटरफेस मोजताना स्पेक्ट्रममध्ये (फ्रिक्वेन्सीनुसार आवाजाच्या आलेखात) मधूनच फुगणारा तो फुगवटा अखेर पकडला. इंटरफेसमधली पीसीएम२९०२ ही ऑडिओ चिप निर्दोष सुटली. गेल्या खेपेला ऑप-अँप (ॲनालॉग सिग्नल वाढवणारी चिप) बदलायला सांगितलं होतं, ते मागे घेतो. ज्यांनी बदलला, त्यांनी जुना पुन्हा लावला तरी चालेल.

कोडं असं होतं : लूपबॅकमध्ये (इंटरफेसचा आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून) १ किलोहर्ट्झचा टोन तासन्‌तास स्वच्छ, पण स्वीप (सरकत्या फ्रिक्वेन्सीचा टोन) किंवा गाणं लावलं की नॉइज फ्लोअर, म्हणजे तळाचा गोंगाट, क्षणभर वर उसळून खाली बसायचा. मग संशय साहजिकच ॲनालॉग बाजूवर. चुकत होता तो टेस्ट टोन. फुल-स्पीड यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक पॅकेट येतं. सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (सिग्नलची मापं), म्हणजे ४८ किलोहर्ट्झला त्यात ४८ सॅम्पल, १६ बिट स्टिरिओ म्हणजे १९२ बाइट. ही पाठवणी आयसोक्रोनस, म्हणजे वेळेला बांधलेली असल्यामुळे बिघडलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जात नाही, ते गेलं ते गेलंच. आणि १ किलोहर्ट्झची एक फेरीही नेमकी ४८ सॅम्पलची! अख्खी फेरी गळाली तरी आधीचं शेपूट नि पुढचं डोकं तंतोतंत जुळतं. रिकाम्या जागी शून्यं भरली गेली असती, तर खड्डा तरी दिसला असता. इथे सॅम्पल सरळ गायब होतात.

म्हणून टोन १५०० हर्ट्झ केला. आता ४८ सॅम्पल म्हणजे दीड फेरी, फेज (लाट फेरीत कुठे आहे ती जागा) थेट १८० अंश उलटते. अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये फेजच्या अशा ९ उड्या निघाल्या. इथवर लिहून झालं आणि हिशेबातलं भोक दिसलं : १५०० हर्ट्झची फेरी ३२ सॅम्पलची, त्यामुळे २५६, ५१२, १०२४ सॅम्पलचे बफर (संगणक एका दमात हाताळतो ते गठ्ठे) गळाले तर हा टोन त्यांना झाकणार. म्हणजे एका चोराला पकडायला दुसऱ्या चोरालाच पहाऱ्यावर बसवलं होतं.

दोघांनाही पकडणारा टोन शोधताना १४२७ हर्ट्झवर येऊन थांबलो. एक पॅकेट गेलं तर उडी सुमारे १५४ अंश, २५६ सॅम्पलला २२०, ५१२ ला ८०, १०२४ ला १५९. पॅकेट आणि १०२४ चा बफर जवळजवळ पडतात, म्हणून चाचणीपुरता बफर ५१२ ठेवा. नेहमीचा ९९७ हर्ट्झ इथे कमी पडतो. एका पॅकेटला त्याची उडी जेमतेम १ अंश.

उडी शोधायला एफएफटी (सिग्नलचा स्पेक्ट्रम काढणारं गणित) नकोच. शुद्ध साइनमध्ये लागोपाठच्या तीन सॅम्पलपैकी पहिलं आणि तिसरं मिळवून त्यातून मधल्याची १.९६५२ पट वजा केली की जवळपास शून्य उरतं. वेव्ह फाइलवर हे चालवलं की जोड (गळतीनंतर दोन तुकडे चिकटले ती जागा) असेल तिथे सुळका उभा राहतो. मग सुळक्याच्या अलीकडचे-पलीकडचे ४८० सॅम्पल घेऊन दोन्हीकडे साइन बसवा आणि फेजमधला फरक काढा. १.९६५२ हा आकडा ४८ किलोहर्ट्झ आणि १४२७ हर्ट्झ याच जोडीचा. बाहेरचा वीन-ब्रिज ऑसिलेटर (स्वतंत्रपणे साइन टोन तयार करणारं सर्किट) लावला तर खरी फ्रिक्वेन्सी मोजून तो बदलावा लागेल. तो लावून पाहाच, कारण लूपबॅकमध्ये गळती डॅकच्या (आवाज बाहेर काढणाऱ्या) बाजूची की एडीसीच्या (रेकॉर्ड करणाऱ्या), हे कळत नाही. इथे ऑसिलेटरवरही उड्या राहिल्या, म्हणजे गळती रेकॉर्डिंगच्या बाजूला.

फुगवटा कधी मोठा, कधी नुसती सावली, याचंही उत्तर मिळालं. ६५५३६ पॉइंटची एफएफटी १.३७ सेकंदांची. जोड विंडोच्या, म्हणजे एका वेळी तपासलेल्या तुकड्याच्या, मध्यावर आला तर फ्लोअर उसळतो, कडेला आला तर कडा दाबणारी ब्लॅकमन-हॅरिस विंडो त्याला दाबून टाकते. तुकडे ५० टक्के एकमेकांवर चढवले (ओव्हरलॅप) तर तोच जोड लागोपाठ दोन फ्रेममध्ये दिसतो, म्हणून दोन बिघाड वाटतात. ॲव्हरेजिंग बंद, पीक होल्ड (सर्वांत उंच वाचन धरून ठेवणं) चालू, एवढं तरी कराच.

आता मूळ. सकाळी नळाला पाणी येतं, गल्लीभर मोटरी सुरू होतात, आणि उड्या दाट होतात. नाशिककरांना ही वेळ वेगळी सांगायला नको. मोटरींचा विजेचा गोंगाट आत शिरतो कुठून, म्हणून यूएसबी केबलच्या दोन्ही टोकांच्या धातूच्या कवचांवर मल्टिमीटर लावला, तर ओपन, म्हणजे जोडणीच नाही! एम. जी. रोडवर ‘शील्डेड’ म्हणून घेतलेल्या केबलचं शील्ड एकाच टोकाला जोडलेलं. कवच ते कवच एक ओहमच्या बरंच आत यायला हवं. दुकानात मीटर घेऊन जा, विक्रेता हसला तरी हसू द्या. फेराइट (केबलवर बसवायचा, गोंगाट शोषणारा मणी) आधी लावून पाहिला होता. उड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. तुटलेल्या शील्डची भरपाई फेराइट करत नाही.

अर्ध्या मीटरची दोन्हीकडे शील्ड जोडलेली केबल आणि कॅबिनेटचा पुढचा पोर्ट सोडून मदरबोर्डवरचा मागचा पोर्ट : १५४ अंशांच्या उड्या बंद. ८० अंशांच्या दोन मात्र अजून आहेत, म्हणजे त्या बफरच्या. बफर २०४८ केला की त्यांची सही ३१९ अंश होईल. दिसल्या तर ड्रायव्हरकडे वळायचं.

एडीयूएम४१६० या चिपचा आयसोलेटर बोर्ड (यूएसबीच्या दोन बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या करणारा) मागवायचा बेत होता. तूर्त स्थगित. त्यावरचा १ वॉटचा डीसी-डीसी कन्व्हर्टर (पॉवर देणारा भाग) स्वतःचा गोंगाट आणतो, आणि आता आयसोलेटरची गरज उरली आहे का, हे १४२७ हर्ट्झवर रात्रभर रेकॉर्डिंग करून बघणार. मोटरींच्या वेळेसकट.