तुम्ही विचारलेत म्हणून: ब्लूजची कदर युरोपात का झाली?

माझ्याकडे जुन्या रेकॉर्ड ऐकायला येणारी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीत, गाणारे-वाजवणारेही तिथलेच. मग तुमच्या बोलण्यात सारखे पॅरिस आणि मँचेस्टर कसे येते? या लोकांची घरी कदर झालीच नाही का?

घरी कदर झाली नाही, हे मला मान्य नाही. ब्लूज गायक आणि गिटारवादक मडी वॉटर्स १९५० च्या दशकात शिकागोच्या साउथ साइड भागात मोठे नाव होते आणि मिसिसिपीतून पोटासाठी उत्तरेकडे आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांना त्यांचे गाणे आपले वाटत होते. मात्र त्या वस्तीबाहेरच्या गोऱ्या अमेरिकेला त्यांची फारशी ओळख नव्हती आणि पुढे कृष्णवर्णीय तरुणांचा कानही सोल या नव्या लोकप्रिय संगीताकडे वळू लागला. युरोपात वेगळे घडले ते एवढेच, की तिथले श्रोते तिकीट काढून, खुर्चीत शांत बसून हे संगीत ऐकू लागले. दक्षिणेतल्या राज्यांत ज्यांना उपाहारगृहाच्या पुढच्या दाराने आत जाता येत नव्हते, ते लोक मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये, हॅले ऑर्केस्ट्रा हा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा वाद्यवृंद जिथे वाजवत असे त्याच रंगमंचावर उभे राहिले. हा मान खरा होता, यात मला शंका नाही.

पण त्या मानाबरोबर एक मागणीही होती. ब्लूज गायक आणि गिटारवादक बिग बिल ब्रून्झी १९५१ साली पहिल्यांदा युरोपात आले. त्याआधीची अनेक वर्षे ते शिकागोत पियानो, बास, ड्रम अशा साथीने शहरी ढंगाचे ब्लूज वाजवत होते आणि १९५० च्या सुमारास आयोवातल्या एका महाविद्यालयात सफाईचे काम करत होते. युरोपातल्या श्रोत्यांना मात्र शेतावरून थेट आलेला, एकटा गिटार घेऊन बसलेला गायक हवा होता. ब्रिटनमध्ये तर वादकांच्या संघटनेच्या आग्रहामुळे १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी वाद्यवृंदांना दार जवळजवळ बंदच होते, त्यामुळे बहुधा एकटादुकटा गायकच तिथे पोचू शके आणि ते चित्र अधिकच पक्के होई. ब्रून्झींनी ते रूप स्वीकारले आणि उत्तम निभावले. त्याला मी लबाडी म्हणणार नाही, कारण त्याच रूपात त्यांनी वर्णभेदावरचे आपले ‘ब्लॅक, ब्राउन अँड व्हाइट’ हे गाणे, जे काढायला अमेरिकेतल्या कंपन्या तयार नव्हत्या, पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित करून घेतले.

ब्रून्झी ऑगस्ट १९५८ मध्ये वारले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मडी वॉटर्स पियानोवादक ओटिस स्पॅन यांना घेऊन इंग्लंडला आले. शिकागोत वाजवत तशीच इलेक्ट्रिक गिटार त्यांनी तिथे वाजवली आणि ब्रून्झींच्या गाण्यावर कान तयार झालेल्या काही श्रोत्यांना व समीक्षकांना तो आवाज कर्कश वाटला. मडींनी ही गोष्ट मनात ठेवली. १९६३ साली ते पुन्हा आले ते साधी, विजेविना वाजणारी गिटार घेऊन. पण मधल्या पाच वर्षांत इंग्लंडमधली पोरे स्वतःच इलेक्ट्रिक गिटार वाजवू लागली होती आणि त्यांना आता मडींची तीच जुनी इलेक्ट्रिक गिटार ऐकायची होती! त्या पोरांतल्या एका टोळीने, पुढे जगभर गाजलेल्या रॉक बँडने, तर मडींच्याच १९५० मधल्या एका गाण्यावरून स्वतःला ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव घेतले होते.

१९६३ चा हा दौरा ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’चा होता. हॉर्स्ट लिपमान आणि फ्रिट्झ राऊ या दोन जर्मन आयोजकांनी तो आदल्या वर्षी सुरू केला आणि शिकागोतून कलावंत जमवण्याचे काम बासवादक व गीतकार विली डिक्सन यांनी केले. १९६२ च्या पहिल्या चमूत जॉन ली हुकर, टी-बोन वॉकर, मेम्फिस स्लिम होते. स्लिम पुढे पॅरिसलाच राहिले. या चमूचा मँचेस्टरचा कार्यक्रम ऐकायला लंडनहून रोलिंग स्टोन्समधले मिक जॅगर, कीथ रिचर्ड्स, ब्रायन जोन्स आणि पुढे रॉक गिटारवादक म्हणून गाजलेले जिमी पेज गेले होते. मी मँचेस्टरचे नाव सारखे घेतो, त्याचे एक कारण हे.

दुसरे कारण मे १९६४ मधले. ग्रॅनाडा टेलिव्हिजन या ब्रिटिश वाहिनीने ब्लूजच्या एका कार्यक्रमासाठी मँचेस्टरमधले विलब्रॅहम रोड हे बंद पडलेले रेल्वे स्थानक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यासारखे सजवले: खोकी, डुलती खुर्ची, कोंबड्यासुद्धा. श्रोते रुळांच्या पलीकडच्या फलाटावर बसले होते. ज्या खेड्यातून आणि ज्या वागणुकीतून ही माणसे बाहेर पडली, तेच खेडे त्यांच्यासाठी कौतुकाने उभारलेले पाहून मला आजही अवघडल्यासारखे होते. त्यात पाऊस आला. गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते गाणाऱ्या गायिका-गिटारवादक सिस्टर रोझेटा थार्प घोडागाडीतून उतरल्या, हात धरून त्यांना ओल्या फलाटावरून पुढे आणले गेले, अंगात जाड कोट होता. त्यांनी गाणे घेतले ‘डिडंट इट रेन’, म्हणजे बायबलमधल्या नोहाच्या वेळच्या, जगबुडी आणणाऱ्या पावसाचे. आणि मग त्या मांडलेल्या खेड्याच्या मधोमध उभ्या राहून त्यांनी गळ्यातल्या पांढऱ्या गिब्सन इलेक्ट्रिक गिटारवर असा काही तुकडा वाजवला, की रुळांपलीकडची पोरे टाळ्यांचा ठेका धरून ऐकत राहिली.