तुम्ही विचारलंत म्हणून: आधी मुक्काम, मग हिशेब

"तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानं होतं म्हणता, मग आज्ञापालनाचा एवढा तगादा कशाला?" उपासना संपून चपला शोधताना हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ बायबलमधल्या दोन वचनांची झुंज लावली जाते: रोमकरांस ३:२८ म्हणतं, माणूस कर्मांवाचून विश्वासानं नीतिमान ठरतो; याकोब २:२४ म्हणतं, केवळ विश्वासानं नव्हे, कर्मांनी ठरतो. ती दोन्ही वचनं तुम्हालाही पाठ आहेत. मी लूकच्या शुभवर्तमानाचा १९वा अध्याय उघडतो.

यरीहो गावचा मुख्य जकातदार, म्हणजे कर वसूल करणारा, जक्कय येशूला पाहायला उंबरावर चढलाय. पाचव्या वचनात येशू त्याला सांगतो, आज मुक्काम तुझ्या घरी. तोवर त्यानं कुणाची दमडीही परत केलेली नाही. तारणाची घोषणा होते नवव्या वचनात. मधलं आठवं आपण भराभर वाचून टाकतो, कारण तिथे पैशाची गोष्ट आहे: जक्कय म्हणतो, निम्मी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लबाडीनं घेतलं त्याला चौपट परत करतो.

जरा हिशेब मांडा. लबाडीनं घेतलेलं स्वतःहून कबूल केलं तर मुद्दल अधिक पाचवा हिस्सा, असं जुन्या करारातल्या नियमशास्त्रात गणना ५:७ सांगतं. म्हणजे शंभराचे १२० देऊन मोकळं होता येतं. चौपट दंड त्याच नियमशास्त्रातल्या निर्गम २२:१ मध्ये आहे, तो मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. जक्कयाला कुणी पकडलेलं नाही, तरी तो चौपट म्हणतो. आणि त्याआधी निम्मी मालमत्ता गरिबांना. उरलेल्या ५० टक्क्यांतून चौपट फेडायचं, म्हणजे मालमत्तेचा साडेबारा टक्क्यांहून जास्त भाग लबाडीचा निघाला की हा माणूस कफल्लक. जकातदाराच्या घरात तो केवढा निघेल, तुम्हीच सांगा.

आपली गफलत होते ती इथेच. ज्याचं बुडवलं त्याला टाळून रक्कम दानपेटीत पडते. शास्त्रातला क्रम वेगळा आहे: आधी कबुली, मग ज्याचं त्याला. तो हयात नसेल तर त्याच्या नातलगाला. नातलगही नसेल, तरच याजकाकडे. दानपेटीत नाव सांगावं लागत नाही, म्हणून ती सोयीची.

हे कर्मांनी तारण मिळवणं नव्हे. मुक्काम आधी ठरला होता, हे मी कितीदा सांगू? पण कबूल करतो, पूर्वी मीही आठवं वचन "त्याचं मन पालटलं" एवढ्यावर उरकत असे. शिवाय मूळ ग्रीकमध्ये तिथली क्रियापदं वर्तमानकाळी आहेत, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की जक्कय आपली नेहमीची रीत सांगतोय. निम्मी मालमत्ता नेहमी कशी देणार, हे मला उमगत नाही. पण ते खरं असेल तर परतफेड मुक्कामानंतरची उरत नाही, आणि माझी वरची मांडणी ढासळते.

अजून एक अडचण आहे. या दहा वचनांत 'विश्वास' हा शब्दच नाही. तो आधीच्या अध्यायात आहे, याच यरीहोजवळ येशूनं बरं केलेल्या आंधळ्या भिकाऱ्यासाठी. त्याच्याकडे कुणी हिशेब मागितला नाही. त्याच्याकडे परत करण्यासारखं नव्हतंच काही, असं मी सांगत आलो. मग त्याच अध्यायातल्या श्रीमंत अधिकाऱ्याचं काय? त्यानं कुणाला लुबाडल्याचा उल्लेख नाही, आणि त्याला तर सगळंच विकायला सांगितलंय.