तीन फेऱ्यांची हाफ मॅरेथॉन: विद्यापीठाच्या आवारात धावणाऱ्यांसाठी

विद्यापीठाच्या आवारात हाफ मॅरेथॉन म्हटल्यावर वाटलं, यात काय अवघड आहे? गाड्या नाहीत, रस्ते सपाट, दोन्ही बाजूंना झाडं. यातलं झाडांचं तेवढं खरं निघालं.

सात किलोमीटरची फेरी, तीनदा मारायची. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर: साती त्रिक एकवीस, उरलेल्या ९७.५ मीटरसाठी सुरुवातीची रेघ शेवटच्या कमानीच्या तेवढीच मागे आखलेली. दहा आणि पाच किलोमीटरवाले याच रस्त्यावर, फक्त बिबचे, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाचे, रंग वेगळे. माझी फसगत इथेच झाली.

मला २ तास १० मिनिटांत संपवायचं होतं, म्हणजे किलोमीटरला साधारण ६ मिनिटं १० सेकंद. हॉर्न वाजला आणि दहावाल्यांच्या लोंढ्यात मीही सुसाट सुटले. धाप लागत नव्हती, पाय हलके होते, पुढच्याला गाठायची हाव सुटत नव्हती. पहिली फेरी ४१ मिनिटांत, म्हणजे ठरल्यापेक्षा पावणेतीन मिनिटं लवकर. कमानीखालून जाताना मी चक्क खुशीत होते.

तुम्ही जाल तेव्हा सुरुवातीला शक्य तितकं मागे उभं राहा. टायमिंग चिप असेल तर तुमची वेळ तुम्ही रेघ ओलांडल्यावरच सुरू होते, त्यामुळे मागे राहून काही बिघडत नाही. बक्षिसाच्या शर्यतीत असाल तर मात्र नियम नीट वाचा. काही ठिकाणी क्रमांक हॉर्नपासूनच्या वेळेवर ठरतात. आणि पहिले दोन किलोमीटर शेजारच्याचा बिब कोणत्या रंगाचा आहे ते बघत राहा. तो दहावाला असेल तर त्याला जाऊ द्या.

दुसरी फेरी सगळ्यात कंटाळवाणी. पहिलीत नवलाई असते, तिसरीत सुटकेची आशा. दुसरीत तेच ग्रंथालय, तोच चढ, तोच वसतिगृहामागचा यू-टर्न. तिथे दर फेरीला एक स्वयंसेवक मनगटात रंगीत रबर बँड घालत होता, कुणी अर्ध्यातून वळू नये म्हणून. मी न थांबताच हात पुढे केला. मनगट घामानं निथळत होतं, बँड सटकला आणि वाळक्या पानांत जाऊन पडला. निळा बँड तपकिरी पानांत चटकन सापडेल असं वाटतं ना? मी वाकले, आणि सरळ होताना मांडीत गोळा आला. चूक पूर्णपणे माझी. यू-टर्नला तसाही वेग कमी करावाच लागतो, तर दोन पावलं चालत जा, बँड नीट चढवून घ्या आणि मग निघा.

आवारातल्या रस्त्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. गतिरोधक भरपूर असतात. त्यांच्यावरून झेप घेऊ नका, पावलं आखूड करा. वळणांवर कित्येकदा डांबर संपून ब्लॉक सुरू होतात. त्यांवर दव किंवा सांडलेलं पाणी असेल तर पाय घसरतो. आदल्या दिवशी आत जायला परवानगी असेल तर एक फेरी सायकलवर किंवा चालत मारा. मी नकाशावर मार्ग पाहिला होता, पण ग्रंथालयाजवळचा चढ नकाशात काही दिसला नव्हता.

घड्याळावर भिस्त ठेवू नका. शेवटी माझ्या घड्याळानं २१.४ किलोमीटर दाखवले. मार्ग रीतसर मोजलेला असेल तर तो जवळात जवळच्या रेषेनं, वळणांवर कडेपासून ३० सेंटीमीटरवरून मोजतात आणि कमी पडू नये म्हणून हजारात एक भाग वाढवतात. आपण मात्र गर्दीला वळसे घालत धावतो, शिवाय झाडं आणि इमारती यांच्यामध्ये जीपीएस भरकटतो. म्हणून २ तास १० मिनिटं हवी असतील तर घड्याळात ६:१० नव्हे, ६:०४ दिसायला हवं. किलोमीटरचे फलक बघून पाटीला पाटी मोजणं जास्त बरं.

पाण्याची टेबलं दोनच होती, पण तीन फेऱ्यांत ती सहा वेळा येतात. पेला वरून चिमटीत दाबून चोच केली की धावतानाही नाकात पाणी जात नाही. तहान लागेल तेवढंच प्यायचं. टेबल दिसलं म्हणून प्रत्येक वेळी पोटभर पिण्यात शहाणपणा नाही. फार पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम घटतं, आणि ते धोक्याचं असतं. एनर्जी जेल (धावताना ताकदीसाठी घ्यायचं गोड, घट्ट मिश्रण) घेणार असाल तर सरावात घेऊन बघितलेलंच घ्या.

दुसरी फेरी ४४ मिनिटांत झाली. तिसरीला निघताना कमानीपाशी रस्ता दुभागतो: उजवीकडे शेवट, डावीकडे आणखी सात किलोमीटर. उजवीकडे पदकं, संगीत, जमिनीवर पसरलेली दहावाली मंडळी. त्या फाट्यापाशी मी क्षणभर खरंच थबकले. पहिल्यांदाच येणाऱ्यांनी, सरावात १५-१६ किलोमीटर सलग झाले नसतील तर, सरळ दहासाठीच नाव द्यावं. यात कमीपणा कसला?

तिसऱ्या फेरीत उन्हानं झाडांच्या सावल्या आक्रसल्या होत्या आणि ग्रंथालयाचा चढ मी चालत चढले. या फेरीला साडेअठ्ठेचाळीस मिनिटं लागली, म्हणजे ठरल्यापेक्षा पाचहून जास्त. एकूण २ तास १३ मिनिटं ३० सेकंद.

सामानाचा काउंटर कुठे आहे हेही आधी विचारून घ्या. आमचा एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. वर जाणं जमलं. उतरताना पहिल्याच पायरीवर मांड्यांनी नकार दिला, तेव्हा कठडा धरून उलट्या तोंडानं उतरले. माझ्या पुढे तिघंजण तसेच उतरत होते.