सत्तरीची मी, सत्तरीची ती

शनिवारी मी भोकं पाडल्याबद्दल बोलणी खाल्ली. बर्फात, माझ्याच पायांनी पडलेली भोकं. पाय माझा, मांडीपर्यंत आत गेले ती मी, ओला झाला तो मोजाही माझाच, आणि तरी ऐकून मीच घ्यायचं. दोन दिवस डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले.

मे संपत आलाय. घरी गोव्यात, वाळपईला, आईचं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, चाललंय, अंगणात सोलं वाळताहेत, भाऊ कौलं परतून घेतोय. इथे अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्येही नॅशुआच्या आमच्या गल्लीत लायलॅक फुललाय आणि पोरं हाफ पॅंटीत सायकली पिदडताहेत. अशा दिवसांत उत्तरेकडे दोन तास गाडी हाणून फ्रँकोनिया रिजला जायचं, तर बर्फ कोणाच्या मनात येईल? शिवाय त्या धारेवरचं सगळ्यात उंच टोक, माउंट लाफायेट, आहे साधारण १,६०० मीटर. आपली कळसूबाई १,६४६. हे मी गाडीत नवऱ्याला दोनदा ऐकवलं. नवरा पुण्याचा. कळसूबाई तीनदा केलीय म्हणतो, फोटो एकाच खेपेचे आहेत. तो लेकीला घेऊन खाली तळ्यावर थांबला आणि मी एकटी निघाले.

रिजचा पूर्ण फेरा चौदा-एक किलोमीटरचा. फॉलिंग वॉटर्स नावाच्या वाटेने चढायचं, धारेवरून लिटल हेस्टॅक, लिंकन, लाफायेट अशी टोकं घ्यायची आणि ओल्ड ब्रायडल पाथने उतरायचं. चढायची वाट धबधब्यांच्या कडेकडेने जाते. वरचा बर्फ वितळत असल्यामुळे ओहोळ तुडुंब होते, दगड शेवाळलेले, आणि काळ्या बारीक माश्या कानात शिरत होत्या. तिथवर मी मजेत होते. ओल्या दगडावर पाऊल कसं टाकायचं हे सत्तरी तालुक्यातल्या बाईला कोणी शिकवायला नको. आम्ही पावसाळ्यात ओहोळ ओलांडून शाळेत गेलोय, तेही स्लिपर हातात घेऊन. दोन्ही हातांत काठ्या टेकत चाललेली चार माणसं मी मागे टाकली, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग झाडी दाट झाली, ऊन गेलं, आणि वाटेच्या मधोमध एक मळकट पांढरा वरंबा सुरू झाला. दोन्ही बाजूंना चिखल आणि पाणी, मध्ये वीतभर रुंदीचा घट्ट बर्फ. इकडचे लोक याला मोनोरेल म्हणतात. मला आमच्या शेतातली मेर, म्हणजे बांध, आठवली. हिवाळाभर त्याच रेषेवरून हजारो बूट गेलेले असतात, त्यामुळे तिथला बर्फ दाबून दाबून दगड होतो आणि बाजूचा मोकळा बर्फ वितळून गेला तरी हा हटत नाही. म्हणजे जिथून लोक चालले, तिथेच तो सगळ्यात जास्त टिकतो. मेरेवरून चालायची सवय असल्यामुळे मी हात पसरून सरळ निघाले. दहा पावलांत दोनदा आपटले. मग बाजूला उतरून चालावं म्हटलं. तिथे वरून बर्फ सपाट दिसतो, पण खाली स्प्रूसच्या फांद्या गाडल्या गेलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी असते. उजवा पाय मांडीपर्यंत आत. तो काढायला जोर लावला तर डावा गेला. असं पंधरा मिनिटं चाललं असेल.

समोरून एक बाई उतरत आली. पांढरी वेणी, पाठीवर तिच्याच वयाची वाटेल अशी सॅक, बुटांना खालून दातेरी साखळ्या. खर्र खर्र आवाज करत, पायऱ्या उतराव्यात तशी. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भोकांकडे बघत होती.

'हनी,' ती म्हणाली. हनी ऐकलं की समजावं, आता काहीतरी ऐकावं लागणार. 'पायात काय घातलंयस?'

मी माझे धावायचे बूट दाखवले.

मग तिने अगदी गोड आवाजात मला धुतलं. आता दुपारी बर्फ मऊ आहे म्हणून तू आत जातेस. रात्री हे सगळं गोठेल. उद्या पहाटे कोणीतरी येईल तेव्हा तुझं हे भोक कडक झालेलं असेल, आणि त्यात त्याचा घोटा मोडेल. आम्ही हिवाळाभर स्नोशू, म्हणजे बर्फात न रुतणारे पसरट जोडे, घालून वाट दाबून ठेवतो ती कशासाठी? मी म्हटलं, वर पोचले की संपेल ना बर्फ? ती हसली. म्हणाली, 'वर आत्ताच नाहीये.'

हे मला सगळ्यात जास्त लागलं. उंच जावं तसा बर्फ वाढणार असं आपण धरून चालतो. पण धारेवर वारा इतका की तिथला बर्फ हिवाळ्यातच उडून खालच्या झाडीत येऊन पडतो. तिथे सावली, म्हणून वितळतही नाही. म्हणजे माथा कोरडा, पायथा कोरडा, आणि मधला घोट्यांचा कर्दनकाळ तेवढा शिल्लक. धारेवरून समोर माउंट वॉशिंग्टन दिसतो, तिथे १२ एप्रिल १९३४ ला ताशी ३७२ किलोमीटरचा वारा मोजला होता. कळसूबाईपेक्षा बुटक्या लाफायेटवर साडेतेराशे-चौदाशे मीटरच्या पुढे झाडच उभं राहत नाही, ते या थंडीने आणि वाऱ्याने. गाडीतलं माझं गणित इथे चुकलं होतं. उंची बरोबर होती, अक्षांश मी धरलाच नव्हता.

बोलता बोलता कळलं, ती एकाहत्तर वर्षांची. मी तिला सांगितलं की मीही सत्तरीचीच. विनोद मराठीत होता, तिला कळायचं कारण नव्हतं. मी जत्रेतलं खाजं काढून तिच्या हातावर ठेवलं. आल्याचा ठसका लागला तसे तिचे डोळे मोठे झाले, दुसरं स्वतःहून मागितलं. मग तिने आपली एक काठी मला दिली आणि झाडीतून बाहेर येईपर्यंत माझ्या पुढे चालली. मी चार माणसं मागे टाकली होती, ती आता एकेक करून भेटली. सगळ्यांच्या सॅकला साखळ्या लटकत होत्या. मला आधी त्या दिसल्याच नव्हत्या.

गाडीत मात्र माझं सुरू झालं. बर्फ काय यांच्या बापाचा? तीन आठवड्यांत पाणी होऊन जाणार त्याची एवढी उस्तवार? आमच्याकडे डोंगरात कोणी पाय कुठे टाकला हे मोजत बसत नाही. नवरा गाडी चालवत शांतपणे म्हणाला, 'आणि मेरेवर कोणी पाय देऊन ती फोडली, तर तुझे आजोबा काय म्हणायचे, तूच सांगितलंयस.' आजोबा जे म्हणायचे ते लेकीसमोर सांगण्यासारखं नाही. मेर वेगळी आणि बर्फ वेगळा, एवढं म्हणून मी खिडकीबाहेर बघितलं.

खरं म्हणजे कोणीतरी बोललं हे बरंच. इथे तयारीविना वर जाऊन अडकलात आणि सुटका करावी लागली, तर राज्य खर्चाचं बिल लावू शकतं. त्यासाठी २५ डॉलरचं हाइक सेफ कार्ड मिळतं. ते असेल तर निष्काळजीपणा पोटात घालतात, पण उघड बेपर्वाई केलीत तर कार्ड असूनही बिल येतं. धावायचे बूट यातल्या कुठल्या खान्यात बसतात, हे मी विचारायला गेले नाही. आपल्याकडे जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रुळांवरून चालत गेलेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या. तेव्हा मी इथे बसून हसले होते आणि म्हटलं होतं, हे काय नियम पाळायला लावायचं तंत्र! आता वाटतं, उठाबशा स्वस्त पडतात. आणि फुकटात गुडघेही तपासून होतात.

पण एक मान्य करते, ही माणसं वाटेला जपतात. धारेवर वाटेच्या दोन्ही बाजूंना दगडांचे बुटके बांध घातलेत, लोकांनी झुडपांवर पाय देऊ नये म्हणून. फक्त याच डोंगरांत उगवणारं, पिवळ्या फुलांचं एक इवलं रोपटं २००२ मध्ये संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आलं, त्याला वाट वळवणं आणि लोकांनी पाय न देणं कारणीभूत ठरलं. आणि आपल्या चोर्ल्याच्या सड्यावर श्रावणात फुलं येतात, तेव्हा त्यांच्यात गाड्या उभ्या करून बाटल्या फोडतात. हे लिहिताना लाज वाटते. पण लगेच हेही वाटतं, की इथल्या लोकांना एवढा मोकळा डोंगर आणि एवढी थोडी माणसं मिळालीत, जपायला काय जातंय?

रविवारी दुकानात जाऊन साखळ्या घेतल्या. रबराचं कडं बुटावर चढवायचं, खाली पोलादी दात. व्हिडिओवर आईने बघितल्या आणि विचारलं, 'कुत्रा कधी घेतला गो?' भावाला मात्र लगेच कळलं. पावसात तो पोरांना चोर्ल्याला घेऊन जातो. 'बाय, ह्या शेवाळावर चालतील?' मी सांगितलं, नाही रे, उघड्या दगडावर दात घसरतात आणि बोथट होतात, त्यांना बर्फच लागतो. 'मग काय कामाच्या,' म्हणाला आणि कौलं परतायला गेला.

पुढच्या शनिवारी परत जाणार आहे, या वेळी पहाटे, बर्फ कडक असताना. आईला सांगितलंय, तळ्यावर जातोय. तळं आहेच तिथे.