मेनूवरचे काळे ठिपके: मामांच्या पेंटियम ४ ची डागडुजी

पहिला रविवार
पिंपळगाव बसवंतच्या मामांच्या दुकानातला (द्राक्षबागांची औषधं) जुना पीसी एकदाचा नाशिकला घरी आणला. पेंटियम ४, इंटेल ८६५जी चिपसेट, २५६ एमबीच्या दोन डीडीआर रॅम, पंधरा इंची ट्यूबचा मॉनिटर. कॅबिनेट उघडलं तर आत गंधकाची पिवळी भुकटी. ब्लोअर गॅलरीत मारला. ती भुकटी वाळत घातलेल्या कपड्यांवर गेली, त्याविषयी जास्त लिहीत नाही.

विंडोज एक्सपी नव्याने टाकली, ग्राफिक्सचा ड्रायव्हरही टाकला. राइट क्लिक केलं तर मेनूतल्या निम्म्या ओळी काळ्या, आणि मेनू मिटला तरी डेस्कटॉपवर ठिपके तसेच.

मंगळवार
आधी मॉनिटरवर संशय. प्रिंट स्क्रीन दाबून चित्र पेंटमध्ये डकवलं, तर ठिपके त्यातही! म्हणजे मॉनिटर आणि केबल निर्दोष. मेनूखालची सावली बंद केली, काही फरक नाही. मग डिस्प्ले प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे ट्रबलशूट, आणि हार्डवेअर ॲक्सेलरेशनचा (चित्रं काढण्याचं किती काम ग्राफिक्स चिपवर सोपवायचं, त्याचा) स्लायडर एक घर डावीकडे. ठिपके जवळजवळ गायब! आनंदात मिसळ खाऊन आलो.

गुरुवार
रात्री निळा स्क्रीन, म्हणजे विंडोज कोसळलं. मिसळ वाया.

दुसरा रविवार
आता डोकं जागेवर आलं. या बोर्डाला स्वतंत्र ग्राफिक्स मेमरी नाही, ती रॅममधूनच उसनी घेतली जाते. मग रॅमच तपासायला हवी होती, मी आठवडाभर सेटिंगं चिवडत बसलो. मेमटेस्ट८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची सीडी लावली आणि थोड्याच वेळात एररच्या लाल ओळींची रांग. वायर काढून रॅमचे सोनेरी पाय खोडरबरने घासले, तरी लाल. एकेक रॅम आलटून पालटून दोन्ही स्लॉटमध्ये लावली. एरर एकाच रॅमच्या मागे फिरत होत्या, म्हणजे स्लॉट ठीक. ती काढली, ॲक्सेलरेशन पुन्हा पूर्ण केलं, मेनू स्वच्छ.

स्लायडरने का फसवलं? माझा अंदाज असा: मेनू उघडताना विंडोज त्याखालचं चित्र बाजूला जपून ठेवतं आणि मिटल्यावर परत डकवतं. ही जपणूक ग्राफिक्सच्या वाट्याच्या मेमरीत होत असणार, आणि तोच भाग सडका. स्लायडर त्या एका घराने मागे घेतला की बिटमॅपचं (म्हणजे अशा चित्रांचं) ॲक्सेलरेशन बंद होतं, म्हणून रोग झाकला गेला.

सोमवार
एक राहिलंच होतं. स्टार्ट मेनूतल्या अलीकडच्या फायलींत मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन. हे सोपं: रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवर (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) टिक, एक्सपीची सीडी आत, रीस्टार्ट. सीडी हाताशी ठेवा, नाहीतर काम अर्ध्यावर अडकतं. ‘हिशेब’ची वेलांटी जागेवर बसली, पण इंग्रजीच्या ताहोमा फॉन्टशेजारी मराठीच्या मंगल फॉन्टची अक्षरं मुंगीएवढी. अपिअरन्सच्या ॲडव्हान्स्डमध्ये मेनूचा फॉन्ट ८ वरून ११ केला.

उरलेल्या २५६ एमबीवर एक्सपी छान चालते, पण दुसरा स्लॉट रिकामा बघवत नाही. एमजी रोडला दोन दुकानांत डीडीआर विचारली, दोघांनीही माझ्याकडे दयेने पाहिलं. कुणाच्या खणात पडून असेल तर सांगा.

मामा येऊन गेले. मेनूबद्दल चकार शब्द नाही. २००७ ची उधारी उघडली आणि चष्मा लावून बसले. दोघांचे पैसे अजून बाकी आहेत म्हणे.