सशाच्या पोटातला आवाज

मैत्रिणीच्या बाळाला बघायला जायचं म्हणून खुळखुळा घ्यायला गेले आणि दुकानात बराच वेळ अडकले. वाजवून बघितल्याशिवाय खुळखुळा घ्यायचा तरी कसा? हत्ती, अस्वल, कासव, सगळ्यांना कानाशी धरून हलवलं. शेवटी फिक्या गुलाबी सशावर जीव जडला. कान लांब, पोट गुबगुबीत, खाली धरायला कापडी कडं. पोट दाबलं की आत सुपारीएवढी टणक डबी लागायची. भोवती कापूस असल्यामुळे मण्यांचा आवाज दबका यायचा, शेजारच्या खोलीत कुणी किल्ल्या शोधत असावं तसा.

बाळ सहा दिवसांचं. या वयात नीट दिसतं ते जेमतेम वीस-तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे कुशीत असताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. त्यातही ठळक काळं-पांढरं आधी. फिका गुलाबी म्हणजे त्याच्या लेखी धुकंच! माझी रंगाची सगळी पारख वाया गेली.

कान मात्र जन्माआधीपासून कामाला लागलेले असतात. मी त्याच्या उजव्या बाजूला ससा हळूच हलवला. आधी काहीच नाही. मग डोळे थबकले आणि डोकं अगदी सावकाश, जावं की न जावं असा विचार करत असल्यासारखं, इकडे वळलं. गंमत म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बाळं असं वळणं बरंचसं सोडून देतात आणि चौथ्याच्या सुमाराला पुन्हा वळू लागतात, तेव्हा मात्र चटकन.

मग मी कडं त्याच्या तळहातावर टेकवलं. मूठ गच्च मिटली.

“धरला की गं त्याने!” काकू हरखल्या.

धरला कसला! तळव्याला काहीही लागलं तरी ती मूठ मिटणारच, तिथे कात्रीचा दांडा असता तरी. आपल्याला हात आहे हेच अजून त्याला ठाऊक नाही. पुढच्याच क्षणी तो हात उसळला आणि ससा थेट नाकावर आदळला. बाळाचा चेहरा आक्रसला, आता रडतंय असं वाटलं, पण विसरलं. तोवर मी समजत होते की कापूस लाडासाठी असतो.

आधीच्या पिढ्यांतल्या बाळांच्या नाकांचं काय झालं असेल कोण जाणे. हडप्पाच्या उत्खननात भाजलेल्या मातीचे, आत बारीक गोळ्या असलेले खुळखुळे निघाले. सायप्रसमध्ये तर मातीची डुकरं सापडली, तीही वाजणारी. ॲरिस्टॉटलने आर्किटस या ग्रीक गणितज्ञाच्या खुळखुळ्याचं कौतुक केलंय, का, तर त्यात गुंतलेली मुलं घरातल्या वस्तू फोडत नाहीत. एवढा मोठा तत्त्ववेत्ता, पण हे वाक्य नक्की घरातल्या अनुभवाचं.

खरं तर त्या दिवशी सशाशी खेळलो ते आम्हीच. काकांनी वाजवला, मावशीने वाजवला, बाळाच्या बाबाने तर ताल धरला. बाळ झोपलं तेव्हा मैत्रिणीने ससा पाळण्यातून काढून कपाटावर ठेवला. पहिलं वर्षभर झोपलेल्या बाळाजवळ असलं मऊ काही ठेवायचं नसतं.

पाच महिन्यांनी पुन्हा गेले. ससा राखाडी झाला होता, एक कान लाळेने कडक. बाळाने तो दोन्ही हातांनी, ठरवून, उचलला. उलटा केला. माझा जीव सुखावला. मग त्याने शिवणीतून लोंबणारी, धुण्याच्या सूचनांची पांढरी पट्टी शोधून काढली आणि डोळे मिटून ती मन लावून चोखत बसला.