वसईतला गाळा: आमची वाटचाल

मी मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन) करते आणि प्रदर्शनं क्युरेटही करते, म्हणजे कुणाची कामं, कशी मांडायची ते ठरवते. भाडं मात्र या दोन्हींतून निघत नाही. वसईतला आमचा गाळा चालतो तो बांधणीच्या कामांवर: इतर कलावंतांची मांडणशिल्पं, संग्रहालयांची पॅनेलं, दुकानांचे डिस्प्ले आणि गणपतीत मंडळांचे देखावे. देखाव्यांवर आमचा सगळ्यांचाच हात बसला. ते काम आम्ही कधीच कमी लेखलं नाही.

सुरुवातीला आम्ही वर्गमित्र फक्त भाड्याचे वाटेकरी होतो. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर सामायिक. फर्म नोंदवली ती नंतर, जीएसटीचं बिल दिल्याशिवाय मोठी कामं मिळेनात म्हणून.

१२ डिसेंबर २०१२ ला केरळात कोची-मुझिरिस बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, सुरू झाली. ती उभी करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू दोघेही मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकलेले, दोघेही कलावंत. आम्हाला त्याचं फार अप्रूप. फोर्ट कोचीच्या अ‍ॅस्पिनवॉल हाउसमधली मांडणी बघताना माझं निम्मं लक्ष जोडकामाकडेच होतं. दमट हवेत एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांच्या) कडा फुगतात, म्हणून किनाऱ्याजवळच्या कामाला आम्ही ओल सोसणारं मरीन प्लायच लावतो. लोखंडी सांगाड्याला आधी गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात. टांगायचं काम असलं की अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) थेट स्लॅबमध्ये. फॉल्स सीलिंगवर भार देत नाही.

कलावंतांनी एकत्र येणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईतल्या कलावंतांच्या १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटात आपले चित्रकार गाडे आणि शिल्पकार बाकरे होते. दिल्लीत १९९७ मध्ये कलावंतांनीच ‘खोज’ हे कलावंतांचं व्यासपीठ सुरू केलं. मला वाटतं, असे गट कलेच्या वादांपेक्षा पैशांच्या कुजबुजीने लवकर मोडतात. म्हणून आमची हिशेबाची वही कुणीही उघडून बघावी. प्रदर्शनाच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ कलावंतांच्या मानधनाची. साहित्य, टेम्पो, हमाली, विमा त्यानंतर. क्युरेटर म्हणून मला मिळतं ते इतर कलावंतांइतकंच.

गणपतीच्या कमाईतला ठरलेला वाटा बाजूला निघतो. त्यातून पावसाळा सरला की बाहेरगावच्या तरुण कलावंतांना गाळा, हत्यारं आणि हाताखाली एक वेल्डर मिळतो, मोफत. कुणाला बोलवायचं ते आदल्या वर्षी इथे काम करून गेलेले ठरवतात. त्यात मी मत देत नाही. यंदा गाळ्याजवळच दोन खोल्याही घेतल्या आहेत. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्यांचा लॉजचा खर्च वाचेल.